खऱ्या वाक्यांची वही

अक्का गेल्याचा निरोप कोऱ्हाळ्याहून आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून एस्टी गाठली. दहाव्याला गावातले एक वडीलधारे उठून बोलले, "बाई लई सोशिक. उभ्या जन्मात कुनाला उलटून बोलली न्हाय." सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली... आणि त्या मानेचा मला महिनाभर राग येतो आहे. निघताना अक्काचा मुलगा दत्ता म्हणाला, "मामा, पेपरात लिवनार असाल तर तेवढंच लिवा. इंदापूरची गोष्ट नको." त्यानं अक्काची वही माझ्या हातात दिली. मी मुकाट्यानं पिशवीत घातली.

तिसाच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीला इंग्रजी शाळेत होतो. शनिवारी सांगवीला घरी आलो की अक्का माझं शब्दांचं पुस्तक ओढून घ्यायची. ती गावच्या शाळेत चौथी झालेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. महिनाभरात एबीसीडी गिरवून तिनं स्वतःची वही घातली: आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्य. पुस्तकातलं वाक्य मात्र तिला चालत नसे. 'राजा महालात राहतो' हे मी उतरवून घेताना तिनं विचारलं, "तू बघितलास का राजा?"

"न्हाय."

"मग कशाला ल्हितोस?"

तिच्या वहीचा नियम असा, की वाक्य खरं पाहिजे आणि खरं असेल ते पुन्हा खोडायचं नाही. 'हेवी'पुढं वांग्यांची पाटी आली, 'रिव्हर'पुढं आमची नीरा. 'सी'पुढची ओळ कोरीच राहिली, कारण समुद्र कुणी पाहिला होता!

त्या उन्हाळ्यात इंदापूरचे पाहुणे तिला बघायला आले. मुलगा कचेरीत लागलेला, आणि पोरीला इंग्रजी येतं हे ऐकून त्याचे वडील मुद्दाम आलेले. तात्यांना, म्हणजे आमच्या वडिलांना, याहून मोठं स्थळ मिळणार नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं, "ओबिडियंट म्हणजे काय?"

"सांगितलेलं ऐकणारा," अक्का म्हणाली.

"शाब्बास. आता वाक्य करा."

तिनं काय म्हणायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर दाराआडून ओठ हलवून सांगतही होतो. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग अंगणातल्या मोतीकडं, आणि म्हणाली, "अवर डॉग इज ओबिडियंट."

पाहुणे हसले. "आणि तुम्ही?"

"ते वाक्य न्हाय व्हायचं, आबा. खोटं हुईल."

पोहे तसेच ठेवून मंडळी उठली. संध्याकाळी तात्या एवढंच म्हणाले, "येक वाक्य बोलली असतीस तर काय झालं असतं?"

"जलमभर तेच खरं करत बसावं लागलं असतं."

दोन वर्षं एकही स्थळ आलं नाही. आईनं वही चुलीत घालायची धमकी दिली, तर ही वही उशाशी घेऊन झोपू लागली. शेवटी कोऱ्हाळ्याचे दाजी आले, भाजीपाला करणारे. त्यांनी एकच विचारलं, "ही वही सासरी आननार का?" अक्का "व्हय" म्हणाली. "आना मग," म्हणाले आणि पोहे संपवले.

मी कालव्याच्या कचेरीत कारकून झालो. प्रत्येक कागदाखाली 'युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' लिहायचं. एकदा अक्कानं ते वाचलं. "खरं हाय का रं हे?" मी म्हटलं, "रीत असते, अक्का." तिनं कागद परत दिला. गोरे साहेब गेले, आपले आले, माझं लिहिणं बरीच वर्षं तेच राहिलं.

परवा वही उघडली. 'ओबिडियंट'च्या पानावर मोती होताच. त्याच्या खाली, म्हातारपणच्या वाकड्या अक्षरात आणखी एक वाक्य: 'माय ब्रदर इज ओबिडियंट.' संतापलो. खोडायला पेन काढलं... पण तिचा नियम आडवा आला. दहाव्याला हललेली मानही आठवली.

आता सांगतो. माझी बहीण सोशिक नव्हती. ती उलटून बोलत असे आणि जे बोलली ते निभावत असे. दत्ता रागावेल, खुशाल रागावू दे. हा लेख त्याला न दाखवता टपालात टाकतो आहे. तिच्या वाक्याखाली एक ओळ मोकळी आहे. पाकीट पेटीत पडलं की घरी येऊन ती भरीन. आधी भरली, तर खोटं होईल.