आमच्या प्रसूतिगृहातलं सोवळं

मला डोहाळजेवणाला कुणी बोलावू नये, असं माझी धाकटी बहीण म्हणते. बाकीच्या बायका ओटी भरतात आणि मी किस्से काढत बसते. पण माझाही इलाज नाही. एक आठवला की रापणीचं जाळं ओढावं तसे बाकीचे मागून येतात. आणि रापणीत येतं ते सगळंच काही खायच्या लायकीचं नसतं.

पन्नास-साठच्या दशकांत मी मालवण आणि देवगडच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावातल्या प्रसूतिगृहात नर्स होते. चिऱ्याची इमारत, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, मी आणि पार्वती नावाची आया. जागा गावचे जमीनदार बापूसाहेब यांनी दिलेली. म्हणून कमिटीचे अध्यक्ष तेच, आणि कोणती बाळंतीण कुठं निजणार हे ठरवणारेही तेच. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं सर्टिफिकेट उघडूनही पाहिलं नाही. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आजोळ विचारलं. मग म्हणाले, "बरा आसा. हात चांगलो असतलो तुजो."

*

वॉर्डात तीन खाटा होत्या आणि चौथी बाहेर व्हरांड्यात. व्हरांड्यातली हरिजनवाड्यातल्या बायकांची. पावसाळ्यात तिथं झड यायची आणि बाळंतीण पोराला पोटाशी घेऊन भिंतीला चिकटायची. मी एकदा विचारलं, तर बापूसाहेब म्हणाले, "थंय वारो बरो लागता. तेंका मोकळ्या हवेची सवय आसा."

पुढं एका मे महिन्यात त्यांचीच लेक बाळंतपणाला आली. वॉर्डात घामाच्या धारा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला व्हरांड्यात निजायचंय. बापूसाहेबांनी व्हरांड्यातल्या बाईला आत हलवायला सांगितलं, खाट तीनदा धुऊन घेतली, वर नवी गादी घातली. पाच दिवस हरिजनवाड्यातली बाई आत, बापूसाहेबांची लेक बाहेर.

लेक सासरी गेली त्याच दुपारी बापूसाहेबांचा निरोप आला: "आता पयल्यासारखा करा."

*

एका वर्षी परदेशातून दुधाच्या पावडरीचे ड्रम आले, पोरांना आणि गरोदर बायकांना वाटायला. कंपाउंडर वरच्या, सवर्णांच्या वाडीतल्या बायकांच्या डब्यात चमचा आत नेऊन पावडर घालायचा, आणि हरिजनवाड्यातल्या बायकांनी धरलेल्या कागदावर हातभर उंचीवरून सोडायचा. वारा असला की निम्मी पावडर बायकांच्या तोंडावर. एवढं करून वरच्या वाडीतल्या दोन घरांनी ती म्हशीला घातली हे गावाला ठाऊक होतं.

येसू म्हणून हरिजनवाड्यातली सुईण होती. माझ्याआधी पंचवीस वर्षं गावातली अडलेली बाळंतपणं तिनंच सोडवलेली. ती एकदा रांगेत उभी होती. कंपाउंडरनं नेहमीसारखा हात उंच केला. येसू ड्रमाकडे बघत म्हणाली, "हो डबो विलायतेत कोणी भरल्यान, ता इचारल्यात काय कोणी?"

कंपाउंडर त्या दिवशी घरी जाऊन डोक्यावरून न्हाला, असं पार्वतीनं मला सांगितलं.

*

याच येसूला एकदा शाळामास्तरांनी बोलावलं. मास्तर मोठे सुधारक. अस्पृश्यता कायद्यानं कशी गेली यावर पंधरा ऑगस्टला अर्धा तास बोलायचे, आणि छान बोलायचे. त्यांची बायको अडली. प्रसूतिगृहात नको, तिथं कोण कोण येतं, असं मास्तरांच्या आईचं म्हणणं. डॉक्टर सुट्टीवर. मला नेलं, पण मूल आडवं होतं, आणि ते माझ्या हाताला वळेना. मीच म्हटलं, येसूला आणा.

ती मागच्या दारानं आली. तेल मागितलं, पोटावर हात फिरवत राहिली. तासाभरात मूल वळलं आणि सुटलं. मुलगा. तोवर तिला कुणी काही म्हणालं नाही.

पोर रडल्याबरोबर घरात धावपळ सुरू झाली. खोली सारवा, गोमूत्र आणा, सगळ्यांनी न्हाऊन घ्या. येसूनं प्यायला पाणी मागितलं, ते करवंटीतून आलं. मास्तर स्वतः टॉवेल घेऊन विहिरीकडे निघाले होते. येसू पायरीवर बसून पाणी प्याली आणि त्यांना म्हणाली, "मास्तरानू, तुमच्या पोराक पयलो हात माजो लागलो. मगे तेकाय भायर ठेवतल्यात काय?"

मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीकडे गेले. पुढच्या पंधरा ऑगस्टलाही ते अर्धा तास बोलले.

*

देवी टोचायला वर्षातून एकदा माणूस यायचा. त्याला गावात देवीडॉक्टर म्हणत. तो देवळापासून सुरुवात करायचा आणि उतारानं खाली यायचा. हरिजनवाडा सगळ्यात शेवटी. तिथं पोचेपर्यंत लस संपायची. दर वर्षी. "पुढच्या वेळी आणतो" म्हणून तो एसटी पकडायचा. एका उन्हाळ्यात वाड्यातली तीन पोरं देवीनं गेली. त्यातली दोन माझ्या हातावर जन्मलेली.

पुढच्या वर्षी मी त्याला एसटीच्या थांब्यावरच गाठलं. म्हटलं, आज भरती लवकर आहे, खालची वाट बुडेल, आधी खालचं उरकून घ्या. तो बाहेरगावचा, त्याला भरतीचं काय कळणार? त्यानं हरिजनवाड्यापासून सुरुवात केली. देवळापाशी पोचला तेव्हा लस संपली.

वरच्या वाडीत हाहाकार. बापूसाहेबांनी मालवणला माणूस पिटाळला. चौथ्या दिवशी नवी लस गावात हजर. इतकी वर्षं जी लस पुढच्या सालावर जायची, ती चार दिवसांत येऊ शकते, हे मला तेव्हा कळलं.

*

हा सांगू नये असं वाटतं, पण वगळला तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

हरिजनवाड्यातली भागीरथी. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. नवऱ्यानं तिला आणून पायरीवर बसवलं. कंपाउंडरचा नियम ठरलेला, आधी आतल्यांचं होऊ दे. मी वॉर्डात होते. ती बसलेली मला दिसली होती. मीही म्हटलं, हातातलं उरकते आणि बघते.

दुपारी तिला झटके आले. मग डॉक्टर धावले, मीही धावले. आई गेली, मूलही गेलं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त बापूसाहेबांना घाबरायचा. त्यानं रजिस्टर माझ्यापुढे ढकललं आणि सांगितलं, "लिहा. रुग्णास उशिरा आणले." मी लिहिलं.

नवरा दारात उभा होता. त्यानं विचारलं, "बाई, काय लिवल्यात?" मी वाचून दाखवलं. त्यानं रिकाम्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमी तर उजाडताच इलव. मगे उशीर कोणाक झालो?"

मी रजिस्टर मिटलं.

*

आता शेवटचा. बापूसाहेबांची सून प्रसूतिगृहात बाळंत झाली. ताप चढला, दूध आटलं. पोराला बाहेरचं दूध पचेना. तिसऱ्या दिवशी त्याचा रडायचा आवाजही बसला. डॉक्टर म्हणाले, "आईचंच दूध हवं, कुठल्याही आईचं."

त्या वेळी दूध असलेली बाळंतीण एकच होती, व्हरांड्यातल्या खाटेवरची, हरिजनवाड्यातली सावित्री. बापूसाहेब फेऱ्या मारत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिका सांग. पण आदी आंघोळ करूक व्हयी. आणि कोणाक कळता नये."

कोणाला कळू नये म्हणून त्यांनीच पार्वतीला घरी पाठवलं, कंपाउंडरला बाजारात पाठवलं. मी सांगितल्यावर सावित्री उठली, विहिरीपाशी गेली आणि थांबली. प्रसूतिगृहाच्या विहिरीला हरिजनवाड्यातल्या बायकांनी हात लावायचा नाही, हा बापूसाहेबांचाच नियम. पाणी नेहमी पार्वती काढून द्यायची.

डॉक्टर सुनेपाशी. माझ्या हातात पोर, ओठ कोरडे, मान टाकलेली. बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोराकडे पाहिलं.

त्यांनी धोतर खोचलं, पाणी ओढलं आणि कळशी भरून सावित्रीपुढे ठेवली.

सावित्रीनं कळशीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाली, "बापूसायबानू, आणखी एक काढा. केसय धुवचे आसत."