जागा आहे का?

यज्ञेश्वर मुळे यांच्यासारखा भिडस्त माणूस नगर शहरात जागा शोधायला निघतो, तेव्हा खरे तर शहरानेच थोडे ओशाळायला हवे. त्रेचाळीस साली तसे काही झाले नाही. लढाईमुळे छावणी फुगली होती, शहरात पडवीलाही भाडे आले होते, आणि राजूरहून बदलून आलेले मुळे कारकून एका खाणावळीच्या ओसरीवर वळकटी उशाशी घेऊन दिवस काढत होते. बायको नीलांबरी तान्ह्या मुलीला घेऊन संगमनेरला भावाकडे. तिथली भावजय पानात वाढता वाढता, ‘नगरची घरं पडली की काय सगळी?’ असे विचारते, हे कानावर आल्यापासून मुळ्यांना घास गिळवेना.

कचेरी सुटली की ते दारोदार जागा विचारत. लोकही सभ्य, तोंडावर नाही कोणी म्हणत नसे. सध्या भरलीय, पण या पुन्हा, म्हणत. मुळे खरोखरच पुन्हा जात, आणि मग तीच माणसे दार ओढून घेत.

शेवटी माळीवाड्यात कडूबाईंकडे माडीवरची खोली मिळाली. भाडे इतके कमी की वर छप्पर आहे ना, हे मुळ्यांनी मान वर करून पाहून घेतले.

“हाय की समदं,” कडूबाई म्हणाल्या. “फकस्त दुपारच्याला कुनी काय इचारलं तर ओ देऊ नगा.”

फेरीवाल्यांचा त्रास असेल, असे मुळ्यांना वाटले.

उन्हाळ्यात कचेरी सकाळची, त्यामुळे दुपारी ते घरीच असत. पहिल्याच दिवशी जेवून आडवे झाले. बाहेर चैत्रातले ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दाराशी कोणीतरी हळूच खाकरले.

“जागा आहे का?”

आवाज दमलेला, अदबशीर, घशात धूळ बसल्यासारखा. डोळ्यांवरचे उपरणे न काढताच मुळे म्हणाले, “नाही हो, मीच आलोय नुकता. पण या पुन्हा.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच आवाज आला. पुन्हा या म्हणाला होतात, म्हणाला. मुळे उठून दाराशी आले. दार सताड उघडे, बाहेर कोणी नाही. जिना असा, की मांजर उतरले तरी कुरकुरायचा. तो वाजलाच नव्हता. आणि उंबऱ्यापाशी, भर उन्हात, हवा ओल्या फडक्यासारखी गार होती.

कडूबाईंना आता सांगणे भाग पडले. अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत एक परगावचा माणूस या माडीवर जागा विचारायला आला होता. साथीच्या भीतीने त्यांच्या सासऱ्यांनी त्याला दारातूनच परतवले. तो जिन्यावर टेकला, आणि दिवेलागणीला हलवले तरी उठला नाही. नाव-गाव कोणालाच कळले नाही. तेव्हापासून अधूनमधून येतो. बिऱ्हाडे टिकत नाहीत.

आपण त्याला काय सांगून बसलो, हे मुळ्यांनी चाचरत कबूल केले. कडूबाईंनी कपाळाला हात लावला.

“भाऊसाहेब, घालवायचं सोडून आवतान दिलं व्हय तुमी?”

मग तो रोजच येऊ लागला. खोली सोडावी तर नीलांबरीला आणखी वर्षभर भावजयीचे ऐकणे आले. त्याला हाकलावे, तर मुळ्यांनी जन्मात कोणाला ‘जा’ म्हटले नव्हते. आरशासमोर त्यांनी सराव केला; ऐन वेळी तोंडातून निघाले, “बरंय, या.” आवाज रोज थोडा आतून येऊ लागला. आधी जिन्याकडून, मग उंबऱ्याबाहेरून, मग चौकटीतून.

नीलांबरी सर्व्हिस मोटारीने आली त्या दिवशी मुळ्यांनी तिला काही सांगितले नाही. दुपारी ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

“जागा आहे का?”

नीलांबरीने पदर सारखा केला.

“खोली लहान आहे, पण तो कोपरा मोकळा आहे,” ती म्हणाली. “दारात उभे राहू नका. आत या, बसा.”

कोपऱ्यातल्या चटईची वळलेली कड सावकाश सपाट झाली. मुलगी तिकडे पाहून हसली. नीलांबरीने उठून पाण्याचा तांब्या तिथे नेऊन ठेवला.

तुला कोणी दिसले का, असे मुळ्यांनी मोठ्या कष्टाने विचारले.

“नाही. पण विचारणं ऐकलं ना. भावाच्या घरी वर्षभर मी मनात तेच विचारत होते.”

त्यानंतर दारातली हाक थांबली. संध्याकाळी तांब्या मात्र अर्धाच भरलेला असे.

हाक थांबल्याची बातमी कळताच कडूबाई वर आल्या, चटईवर ऐसपैस बसल्या, आणि आता तरास गेला, तवा भाडं वाढवाया हवं, म्हणाल्या. मुळे मान डोलावणार होते, तेवढ्यात नीलांबरी बोलली.

“गेलेत कुठे? इथंच असतात. तुम्ही बसलात ना, त्यांच्या शेजारी.”

कडूबाईंनी बसल्या जागीच, मान खाली घालून, थोरांसमोर घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला.

“भाडं हाय तेच ऱ्हाऊ द्या,” त्या पुटपुटल्या, आणि पाठ न फिरवता जिन्याकडे गेल्या.