खिडकीकडचं पॉकेट

"आधी टेबलाले इचारा सर, मंग हाताले."

बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि मी कपाळाला हात लावला, की कोपऱ्यातल्या स्टुलावरून हे वाक्य ठरलेलं. बोलणारा माणूस वर बघायचासुद्धा नाही. मांडीवर जुन्या धोतराचं फडकं घेऊन लाल बॉल पुसत बसलेला असायचा.

जळगावच्या आमच्या क्लबात बिलियर्डचं एकच टेबल होतं आणि त्याचे हे मार्कर. मार्करनं खरं तर गुण मांडायचे, पण तेवढ्यावर कुठलं भागतंय! टेबल झाडायचं, बॉल धुवायचे, हरलेल्या मेंबरांची समजूत काढायची, सगळं त्यांच्याकडे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. असोद्याचे, केळीवाल्या घरातले. रोज सायकलवर यायचे. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो, आणि स्नूकर आपल्याला उत्तम येतं असा माझा ठाम समज होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या वयात असे समज असतात.

नाना टेबलाला इस्त्री करायचे. हसू नका, मीही हसलो होतो. कोळशाची जड इस्त्री, आधी कागदावर फिरवून बघायची, मग हिरव्या कापडावर एकाच दिशेनं. पावसाळ्यात कापड ओल धरतं, बॉल चिखलातून चालल्यासारखा चालतो आणि पॉकेटपाशी जाऊन बसकण मारतो. मे महिन्यात उलटं. कापड कडक, कडेचं रबर चढेल. नुसता धक्का दिला तरी बॉल पॉकेटच्या दोन्ही ओठांवर आपटून बाहेर. "उन्हाळ्यात हळू मारा, पावसाळ्यात जोरानं," नाना सांगायचे. "बॉल तोच हाये सर. दिवस तो नाही."

पण नानांचं खरं दुखणं वेगळंच होतं. क्लबची इमारत काळ्या मातीवर. पावसाळ्यात ती माती फुगली की फरशी एका अंगानं उचलली जायची आणि टेबल खिडकीकडे कलायचं. फार नाही, डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. नाना बॉल अगदी हळू सोडायचे आणि तो कुठे वळतो ते वाकून बघत राहायचे. केळीला पाणी देता देता ही नजर आली, असं ते म्हणत. मग चौघांनी पहार लावून कोपरा उचलायचा आणि नाना टेबलाच्या पायाखाली लग्नपत्रिका सारायचे.

हो, लग्नपत्रिकाच. त्यांचं मापच ते. साध्या घरची पत्रिका पातळ, बागाईतदाराची जाड. "आज टेबल दीड पत्रिका खाईल," असं म्हणून ते कात्री काढायचे. लग्नसराई संपली की मेंबर आपापल्या घरचा गठ्ठा आणून द्यायचे. माझीही पत्रिका गेली त्यात. बायकोला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता जे सांगायचंय ते सांगतो. दरवर्षी धुळ्याच्या क्लबाशी आमची मॅच असायची. त्या वर्षी ती आमच्याकडे होती, भर पावसाळ्यात. माती फुगायची थांबेपर्यंत नाना टेबलाला हात लावत नसत, म्हणून ते कललेलं होतं आणि आम्ही महिनाभर त्या उतारावरच खेळत होतो. खिडकीकडच्या पॉकेटात बॉल नुसता ढकलला की आपोआप जायचा. मला तर हातातच जादू आल्यासारखं वाटायला लागलं होतं.

मॅचच्या सकाळी नानांनी उतार काढला. चहा घेताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, टेबल सरळ केलंय. पाहुन्याच्या ताटात वाकडं कसं वाढायचं? खिडकीकडं आता जरा जोर लागंल." मी हो म्हणालो. ऐकलं मी, चांगलं ऐकलं. पण माझा हात टेबलापेक्षा शहाणा आहे, अशी माझी खात्री होती.

शेवटचा काळा बॉल खिडकीकडच्या पॉकेटात घालायचा होता. मी नेहमीसारखा हळूच ढकलला. तो सरळ गेला, पॉकेटच्या काठावर आला आणि थांबला. माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या धुळ्याच्या वकिलांनी तो हसत हसत आत टाकला. आम्ही हरलो.

पाहुणे गेल्यावर कमिटी बसली. सेक्रेटरी तापले होते. "मॅचच्या दिवशी टेबल हलवलं? कुणाला विचारून?"

"सरांले सांगलं होतं," नाना म्हणाले. ते दारात उभे होते, हातात ब्रश.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाला इस्त्री केली, वर चादर घातली आणि किल्ली पहारेकऱ्याकडे देऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

दिवाळीनंतर मी मोटारसायकल काढून असोद्याला गेलो. नाना केळीत पाणी देत होते. मला बघून फावडं बाजूला ठेवलं, बांधावर बसवलं, घरून चहा मागवला. मी सगळं बोललो. सांगितलं होतं तुम्ही, मला आठवत होतं, माझी चूक झाली, खोटं बोललो. नाना पाण्याकडे बघत होते.

"मले काय सांगता, सर? मले तं माहीतच हाये. तठी सांगा, टेबलापाशी."

"सांगतो," मी म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, "कसं हाये टेबल?"

"कललंय, नाना."

"हं," म्हणाले, आणि उठून पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

सांगणार होतो मी. या बैठकीत, पुढच्या बैठकीत. सेक्रेटरींचा मूड बघून, परीक्षा संपल्यावर. अशीच चार वर्षं गेली. एक दिवस असोद्याचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचे नाना गेले. दहावा झाला परवा."

त्या संध्याकाळी क्लबात सगळे होते. मी टेबलाजवळ उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "त्यांनी मला सांगितलं होतं."

"कोणी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नानांनी. मॅचच्या दिवशी. टेबल सरळ केल्याचं."

"कुठली मॅच हो?" ते म्हणाले. खरोखरच त्यांना आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. एकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळे पत्ते खेळायला आत गेले.

मला नाना हवे होते. त्यांनी ऐकायला हवं होतं.

मी एक बॉल घेतला आणि अगदी हळू सोडला, ते सोडायचे तसा. तो थोडा सरळ गेला, मग वळला आणि खिडकीकडच्या पॉकेटात पडला. कोपऱ्यात स्टूल होतं, त्यावर फडकं तसंच घडी घालून ठेवलेलं. किती पत्रिका लागतील ते सांगायला कुणी नव्हतं.