'बेसूर'च्या कव्हरवरची हलगी

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या छपाईवाल्या इराण्णाच्या प्रेसमध्ये मशीनखाली शाईची फडकी साठायची, तसे. कोणी मुद्दाम ठेवत नाही, कोणी उचलत नाही, आणि एक दिवस पाहावं तर गुडघाभर ढीग! आमच्या 'बेसूर' मासिकाचे किस्से असेच वाढत गेलेत. मासिक म्हणायचं आपलं. अंक निघाला एकच. सांगताना मी थोडी भर घालतो, हे कबूल. बायको म्हणते, "दर खेपेला त्यातली हलगी वीतभर मोठी होते." होऊ दे! पण त्यातला राग मी तसूभरही वाढवलेला नाही. तो पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे.

०

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आम्ही तिघं एका बाकावरचे. मी, म्हणजे कात्री-डिंकवाला. कुठलाही कागद दिसला की कापून दुसरीकडे चिकटवायचा. दुसरा व्यंकटेश, घरात चादरीचे माग, घरची भाषा तेलुगू, हातात पेन्सिल आली की थांबायचा नाही. तिसरा प्रभाकर. याच्या हातात काहीही द्या, तो ते वाजवणार. बाक, डबा, सायकलची सीट, एकदा तर माझी पाठ.

गॅदरिंगला कोणी गिटार आणली, टाळ्या. कोणी माउथऑर्गन आणला, टाळ्या. प्रभाकर मित्राकडून मागून आणलेली हलगी घेऊन स्टेजवर चढला, तर प्रिन्सिपॉल पहिल्या रांगेतून उठून उभे!

"हे वाद्य मिरवणुकीत पुढं चालायचं असतं. इथं स्टेजवर नको."

"सर, मग मी स्टेजवर पुढं चालतो की," प्रभाकर म्हणाला.

हॉल हसला. प्रिन्सिपॉल हसले नाहीत. प्रभाकरला खाली उतरवलं. तो हलगी काखेत मारून सरळ बाहेर. सायकल स्टँडपाशी आल्यावर म्हणाला, "ज्यांना ज्यांना खाली उतरवलंय, त्या समद्यांसाठी एक मासिक काढू. नाव ठेवू 'बेसूर'. आन् पहिल्याच कव्हरवर हलगी पायजे. बघू कोण उतरवतंय."

तिथंच ठरलं. वाचक कोण? तर बेलबॉटमवाले, केस कानाखाली वाढवल्याबद्दल वर्गाबाहेर काढलेले, आणि चाळीस जणांत मिळून एक रेकॉर्डप्लेअर असलेली आमची सगळी जमात.

०

प्रिन्सिपॉलना आम्ही 'तंबोरा' म्हणायचो. उंच, आतून पोकळ, आणि दिवसभर एकच सूर. मासिक कॉलेजात वाटायचं तर कव्हरवर तंबोऱ्याची सही लागणार, असा नियम त्यांनी मासिकाचं कळलं त्याच दिवशी जन्माला घातला.

व्यंकटेशनं झकास कव्हर काढलं. अख्ख्या पानभर हलगी, ती वाजवणारे दोन हात, तिच्या कडेला टेकलेली गिटार. तंबोऱ्यानं लाल पेन्सिल काढली आणि हलगीवर फुली मारली.

"इथं वीणा काढा."

मी म्हणालो, "सर, कॉलेजात वीणा कोण वाजवतं?"

"वाजवत नाही कोणी. पण शोभते."

"आणि हलगी?"

"ती वाजते. तोच तर त्रास आहे!"

फुली एवढ्या जोरात मारली होती की खालच्या टेबलावरच्या हिरव्या कापडावरही उमटली. आजही त्या ऑफिसात गेलात तर दिसेल. (ही माझी भर. पण वाटतं तसं.)

०

आमचा प्रेसवाला इराण्णा. अक्कलकोटकडचा, रागावला की कानडीत, हिशेबी बोलायचं असलं की मराठीत. उभा जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेलेला. त्याच्याकडे चित्रांचे ब्लॉक तीन: गणपती, कलश आणि सनई.

"गिटार कशाला? सनई घे की! तयार हाय."

"इराण्णा, गाण्याचं मासिक आहे, लग्न नाही."

"मग सनई गाण्याची न्हाय काय?"

खरा तमाशा झाला तो लेआउटवरून. मला मथळे तिरपे हवे होते. पोरांचं मासिक, ओळ सरळ का म्हणून? मी तिरपं चिकटवून न्यायचो, इराण्णा प्रुफात सरळ करून द्यायचा. पुन्हा तिरपं, पुन्हा सरळ. चौथ्या वेळी मी आवाज चढवला. त्यानं खिळे जुळवायचं थांबवलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "एनप्पा, काय रे बाबा हे! तीस वर्षं ओळ सरळ लावली. आता लोक म्हनतील, इराण्णाला दिसंना झालं."

शेवटी लावल्या त्यानं तिरप्या. पण अंक बांधून आला तेव्हा प्रत्येक प्रतीत एक गुलाबी चिठ्ठी. लग्नपत्रिकेच्याच कागदावर, सोनेरी शाईत, वर गणपती:

"या अंकातील ओळी वाकड्या आहेत. त्या तशाच सांगितल्या होत्या. प्रेस जबाबदार नाही."

०

वीणा आम्ही काढणार नव्हतोच. कव्हरचा दुसरा नमुना करायचा तर समोर खरी हलगी हवी, म्हणून आम्ही प्रभाकरच्या घरी गेलो. बुद्धविहाराच्या मागची गल्ली, दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. वडील, आबा, मिलमधून पहिली पाळी संपवून नुकतेच आलेले. केसांत अजून कापूस.

"आबा, आपली जुनी हलगी कुटं हाय?"

"न्हाय. धम्म घेतला त्या वर्षी हिरीत टाकली."

असं म्हणून त्यांनी चहा मागितला. मला वाटलं विषय संपला. पण कप हातात आल्यावर ते बोलायला लागले. मोहोळकडचं गाव. कोणाचं लग्न असो की कोणाचं मरण, बोलावणं यायचं.

"खांद्याला आडकवायची आन् सांगतील तितं हुभं ऱ्हायचं. उनात म्हणलं तर उनात. जेवायला समद्यांच्या मागून, तेबी लांब. आता तू तीच छापून कालिजात वाटनार व्हय रं?"

प्रभाकर उभाच होता. "आबा, तुमाला नको आसताना वाजवाय लावत हुते. मला वाजवायची हाय तर वाजवू देत न्हाईत. दोन्हीकडं हुकूम त्यांचाच. ह्यात माझं काय हाय सांगा!"

कपातला चहा गार झाला. मग आबांनी व्यंकटेशच्या हातातला जुना, लाल फुलीचा कागद ओढून घेतला, लांब धरून बघितला आणि एकदम उखडले.

"हे कुनी काडलंय? दोन्ही हातात सारख्या काड्या? आरं, डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात टिपरू! टिपरू जाड आसतं. काडायचीच हाय तर नीट काड!"

०

व्यंकटेशनं नीट काढली. घरी मागाशेजारी बसून, चादरीचं डिझाइन काढतात त्या चौकटीच्या कागदावर, एकेक चौकट भरत. उगारलेलं जाड टिपरू वर, बारीक काडी खाली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. चादरीवर गोल फूल हवं असेल तर हे लोक कागदावर अर्धंच फूल काढतात. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या बनतात, त्यांना कार्डं म्हणायचं. माग कार्डांप्रमाणे विणत जातो. अर्ध्यावर आलं की कार्डं उलटी फिरवायची. उरलेलं अर्धं माग आपणहून विणतो. पाण्यात सावली पडावी तसं.

आमचा व्यंकटेश जन्मापासून हेच बघत आलेला. त्यानं कव्हरसाठी हलगीचा फक्त वरचा अर्धा भाग काढला, खाली रेघ मारली आणि पक्का कागद घेऊन थेट तंबोऱ्यासमोर उभा राहिला. मी शेजारी.

तंबोऱ्यानं चष्मा चढवला. चष्मा उतरवला. आणि त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदाच आनंद बघितला.

"वा! उगवता सूर्य! ज्ञानसूर्य! आणि ही वर झेपावणारी लेखणी! याला म्हणतात कव्हर!"

लेखणी म्हणजे टिपरू! व्यंकटेशनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. सही झाली.

०

छापून आलेलं कव्हर प्रभाकरनं बघितलं. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा व्यंकटेशकडं.

"अर्धी?"

"आमच्यात अर्धीच काढतात," व्यंकटेश पुटपुटला. "सवय रे. उरलेली माग..."

"हितं माग कुटं हाय? आन् तू?" हे मला. "तू तर तितं हुता. सूर्य म्हणाले तवा तू काय केलं?"

मी काय केलं? सही मिळाली म्हणून गप्प बसलो. तंबोऱ्यावरचा राग मी इतकी वर्षं चवीनं सांगत आलोय. हा मात्र माझा माझ्यावरचा.

"त्यांनी निदान खाली उतरवताना पुरा उतरवला हुता मला," प्रभाकर म्हणाला. "तुमी अर्धा ठेवला."

आणि गेला. महिनाभर आमच्या बाकावर दोघंच.

०

वर आणखी एक! प्रभाकरचा हलगीवरचा लेख तंबोऱ्यानं काढून टाकला आणि तिथं स्वतःचा 'संगीत आणि शिस्त' नावाचा निबंध पाठवला. आता मात्र माझं डोकं फिरलं. निबंध मी इराण्णाकडं पोहोचवलाच नाही. सांगितलं, "हे पान कोरं सोड."

"कोरं? मग छापायचं काय?"

"काही नाही."

त्या माणसानं ते कोरं पानसुद्धा मशीनमधून काढलं! म्हणाला, "छापायचं ठरलं म्हंजे ठरलं. फसवायची आपली रीत न्हाय."

तंबोऱ्याला सांगितलं, निबंध फार उंचीचा होता, पानात मावला नाही. त्यांना ते पटलं! आणि पोरांनी काय केलं? ज्याला जे म्हणायचं होतं ते त्या कोऱ्या पानावर हातानं लिहिलं. कोणी गाणं, कोणी शिवी. प्रभाकरचा लेख मी माझ्या अक्षरात उतरवून एक प्रत त्याच्या दारात टाकून आलो. त्यानं ती परत पाठवली नाही. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र दुसऱ्या एका प्रतीच्या कोऱ्या पानावर लाल शाईत काढून पाठवल्या. तेव्हा कळलं, आता बोलायला हरकत नाही.

०

पुढच्या वर्षी तंबोरा रिटायर झाला. गॅदरिंगलाच सत्कार. त्यांनी स्वतःच सुचवलं, "चादर देणारच असाल तर त्या ज्ञानसूर्याची द्या. व्यंकटेशच्या घरी माग आहेतच."

व्यंकटेश म्हणाला, "देतो सर. नायना विणतील." नायना म्हणजे त्याचे वडील. कार्डं त्याच अर्ध्या चित्राच्या कागदावरून पडली. पुढं अर्ध्यावर कोणी थांबायला सांगितलं होतं, कोणी नव्हतं, ते मागाला विचारा!

हॉल खच्चून भरलेला. प्रभाकरनं आबांना आणलेलं. ते कडेला, शेवटच्या रांगेत, आमच्यासोबत. स्टेजवर ताटात घडी घातलेली चादर. वरच्या घडीवर तेवढा सूर्य, लाल जमिनीवर काळा. तंबोरा माइकवर म्हणाला, "हा सूर्य मी सोबत घेऊन चाललो आहे." टाळ्या.

पाहुण्यांनी चादरीची दोन टोकं धरली आणि झटकून उघडली.

सूर्याला खालचा अर्धा भाग आला होता. गोल, भरगच्च, गाडीच्या चाकाएवढी हलगी! (बायकोला सांगू नका.) एक टिपरू वर, एक टिपरू खाली. पाहुण्यांनी ती तंबोऱ्याच्या खांद्यावरून अशी पांघरली की हलगी बरोबर पोटावर आली.

मग पाचव्या रांगेत कोणीतरी बाकावर बोटं मारली. मग सहाव्या. मग सगळे बाक! डड्डम डड्डम डड्डम! प्रभाकर माझ्या शेजारी उभा, दोन्ही हातांनी समोरच्या बाकाची पाठ बडवत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं. तंबोऱ्याला वाटलं हा निरोपाचा जल्लोष. ते भारावून हात जोडून चहूकडे वळू लागले. ज्या बाजूला वळतील तिकडचे बाक आणखी जोरात.

आबांनी डोळे बारीक केले. "व्यंक्या, बारीक काडी कुटं गेली रं? दोन्ही टिपरूच की!"

"मागानं दिली आबा."

तेवढ्यात फोटोग्राफर पुढं धावला. "सर, हितं नको, अंधार हाय! तितं उजेडात उभे ऱ्हावा! अजून मागं! हात खाली! हां, तितंच!"

आणि तंबोरा, चादर सावरत, तो म्हणेल तिथं जाऊन उभा राहिला.

आबा हसले नाहीत. नुसती मान हलवली.

"व्हय," म्हणाले, "खांद्यावर आली की सांगतील तितं हुभं ऱ्हावं लागतं."