मोडीचे खिळे

रंगनाथ नगरच्या एका छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवत होते. छापखाना बंद पडला आणि मालकाने जुनं सामान भंगारात काढलं, तेव्हा रंगनाथांनी ते मागून घेतलं. एक हातयंत्र, शिळाछापाचा दगड आणि मोडी अक्षरांचे शिशाचे खिळे. ते खिळे आता कुठेच ओतले जात नव्हते. सगळं बैलगाडीत घालून त्यांनी कर्जत तालुक्यातल्या आपल्या गावी आणलं. देवळामागच्या खोलीत मांडलं आणि दारावर स्वतःच पाटी रंगवली: छापखाना संग्रहालय.

मिरजगावच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून यायची. रंगनाथ प्रत्येकाचं नाव जुळवून कागदावर उठवून द्यायचे. कडूबाई नावाच्या म्हातारीने तो कागद उलटसुलट पाहिला.

"ह्ये मी?"

"व्हय, ह्ये तुमी."

तिने कागद पदरात बांधून नेला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, संग्रहालयात कोणी येईना. रंगनाथही खडीवर जाऊ लागले. घरी मुलगी चांगुणा बाळंतपणाला आली होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर तिचं दूध आटलं. बाळ रडायचंही थांबलं.

एका संध्याकाळी रंगनाथ खोलीत गेले, तर खिळ्यांचे सगळे खण रिकामे. ते धावत घरी आले.

"चोरी झाली गं!"

बायको मालनबाई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. "चोरी न्हाई. म्या इकलं. मोडवाला गावात आल्ता."

"आगं, मला इचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर दिलं असतं तुमी?"

चुलीवर बाळासाठी दूध तापत होतं.

दुसऱ्या दिवशी ते भंगार घेणाऱ्या त्या मोडवाल्याला गाठायला मिरजगावला चालत गेले. खिळे वितळून शिशाच्या लाद्या झाल्या होत्या. एकही अक्षर उरलं नव्हतं.

नातू जगला. पण त्याला मांडीवर घेतलं की रंगनाथांच्या मनात आधी ते रिकामे खण यायचे, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. हळूहळू त्यांनी त्याला घेणंच सोडलं. मालनबाईला ते कळत होतं. दोघांत बोलणं उरलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी खोलीची किल्ली पुजाऱ्याच्या हाती दिली. हातयंत्र जड म्हणून तिथेच राहिलं, त्याच्यावर देवळाची लाकडं रचली गेली.