‘अहो’ नावाचं बटण

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, उभ्या जन्मात कुणाकडून काही फुकट घेतलं नाही. पण त्यांनी फुकट दिलेलं घेतल्याशिवाय एकही मराठी माणूस लखनौहून बदली होऊन परत गेलेला नाही. बँकेतला असो, संशोधन संस्थेतला असो, की नुकतं लग्न होऊन आलेलं जोडपं असो, निघताना सामानात चिकनचे कुर्ते, रेवडीचे डबे आणि आतोबांचा एक पेनड्राइव्ह असायचाच. त्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स असे. कुर्ते विटले, रेवड्या संपल्या, पेनड्राइव्ह मात्र अजून कुणाकुणाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, कारण त्यांचं करायचं काय ते कुणालाच कळलं नाही. आणि टाकून द्यावा म्हटलं तर नेमका आतोबांचा फोन यायचा, "काय, सुरू केलंत का?"

लिनक्स म्हणजे काय हे त्यांनी मला जितक्या वेळा समजावलं, तितक्या वेळा माझ्या आईने मला पोळ्या लाटायलाही शिकवलं नसेल. बँकेच्या नोकरीत मी सांगलीहून इथे आले तेव्हा नात्याचं हे एवढंच घर होतं, लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत, त्यामुळे रविवारचं जेवण माझं तिथे ठरलेलं. पहिल्याच रविवारी पानावरून उठता उठता त्यांनी मला धरलं. "हे बघ, संगणक चालवणारी जी प्रणाली तुम्ही विकत घेता ना, ती म्हणजे शिंप्याने शिवून दिलेला सदरा. वर शिंपी म्हणतो, काखेत आवळला तरी उसवायचा नाही, भावाला घालायला द्यायचा नाही, आणि आतली शिवण कशी घातलीय ते तर बघायचंसुद्धा नाही. अरे, सदरा माझा की तुझा?" लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कोण विचारतंय! मी नुसती मान डोलावली. मान डोलावणं ही त्या घरात संमती समजली जाते हे मला बापडीला काय ठाऊक! आत्याला चहाला मदत करून बाहेर येते तो माझ्या लॅपटॉपवर लिनक्सचं ते पेंग्विनचं चित्र. "आतोबा, माझं सगळं कुठे गेलं?" मी किंचाळलेच. "आहे, आहे," ते शांतपणे म्हणाले, "फक्त आता ते तुझं आहे." प्रिंटर मात्र पुढे कितीतरी दिवस माझा झाला नाही.

सगळ्या गोतावळ्यात त्यांना दाद देत नव्हती ती एकटी आत्या. जवळच्या कपूरथला बाजारातल्या मिठाईवाल्यापासून संस्थेतल्या शास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांच्या गळी त्यांनी लिनक्स उतरवलं होतं, पण हिने एकदा, एकदाच, त्या यंत्राला आपणहून हात लावावा ही त्यांच्या जिवाची आस काही पुरी होईना. एकदा त्यांनी मुद्दाम मराठीतून चालणारं लिनक्स तिच्यापुढे मांडलं. आत्याने चष्मा लावला, पडद्यावरचं वाचलं आणि विचारलं, "ही संचिका कोण? कुलकर्ण्यांची धाकटी का?" फाइलला मराठीत संचिका म्हणतात हे कळल्यावर ती म्हणाली, "मग तिच्याशी तुम्हीच बोला," आणि चष्मा काढून ठेवला. संक्रांतीला तर कहर झाला. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना वाण म्हणून पेनड्राइव्ह द्यायचे असा आतोबांचा हट्ट. "अगं, वाण लुटायचंच असतं ना? मग लुटायला यासारखी दुसरी वस्तू आहे का जगात?" आत्याने प्लास्टिकच्या गाळण्या लुटल्या. आतोबांनी तरीही डाव साधला. प्रत्येक गाळणीत एकेक पेनड्राइव्ह निघाला, आणि समोरच्या घरच्या भाभीजींनी तो तिळगुळाचा एखादा प्रकार समजून तोंडाजवळ नेल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्यांच्या कारकिर्दीचा कळस झाला तो आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. मंडपाच्या कोपऱ्यात आतोबांनी टेबल मागून घेतलं होतं आणि बाहेर लावायला हिंदीत फलक लिहून दिला होता: ‘यहाँ मुक्त संगणक प्रणाली मिलेगी’. मुक्त, म्हणजे कुणाच्या बंधनात नसलेली. आता मुक्त आणि मुफ़्त यांत अंतर ते किती! पेंटर पडला लखनौचा भला माणूस. त्याला वाटलं, साहेबांचं लिहिण्यात चुकलं. त्याने झोकदार अक्षरांत रंगवून आणलं, ‘मुफ़्त संगणक यहाँ मिलेगा’. "और प्रणाली?" आतोबांनी विचारलं. "साहब, जगह नहीं बची." आरतीच्या वेळेला मंडपाबाहेर ही गर्दी! एक गृहस्थ तर संगणक घरी न्यायला ई-रिक्शा थांबवून उभे. दुसरा कुणी असता तर फलक उतरवून पळाला असता. आतोबा खुर्चीवर चढले आणि स्वातंत्र्य या विषयावर बोलायला लागले. लोकांनी अदबीने ऐकून घेतलं. त्यांना वाटलं, भाषण झालं की वाटप. शेवटी मागून एकजण म्हणाला, "चचा, वो सब तो ठीक है, डिब्बा कब मिलेगा?" मंडळाने सगळ्यांना मोदक दिले तेव्हा कुठे मिटलं. घरी येताना आतोबा हर्षभरित. "बघितलंस? केवढी मागणी आहे!" "डब्यांना आहे," आत्या म्हणाली.

त्या रविवारांची मला अजून आठवण येते. आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत स्वतःच्या घरात राहते, सगळं काही आहे, पण आत्याच्या हातची साबुदाण्याची खिचडी खात त्या दोघांची जुगलबंदी ऐकण्यातली मजा नाही. आतोबांनी भंगारातून एखादा मेलेला संगणक उचलून आणायचा, आत्याने "हा कोण नवा पाहुणा? जेवणार आहे का?" म्हणून विचारायचं, आणि संध्याकाळपर्यंत तो संगणक खरोखर जिवंत व्हायचा. मग ते हाक मारायचे, "अगं, ये तरी, नुसतं बघ तरी!" ती काही यायची नाही. मलाच मग जाऊन बघावं लागे.

आणि मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. हळूहळू वाचा परत आली तीही अर्धीच. मराठी आली, हिंदी आलीच नाही. जन्मभर ज्या हिंदीत भाजीवाल्याशी हुज्जत घातली, शेजारणींची सुखदुःखं ऐकली, ती पुसल्यासारखी गेली. मुलगा दिवसभर कामावर, आणि घरात असणारी सूनबाई इथलीच, लखनौची. जीव लावणारी पोर, पण मराठी तिला कळायची ती जेवणखाणापुरती. "अम्माजी, क्या चाहिए?" ती विचारायची, आणि आत्या तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची. पुढे पुढे तोंडातून शब्दही नीट फुटेना. आतोबा शेजारच्या खोलीत, पण कान अधू. तिची बारीक हाक त्यांना ऐकूच जायची नाही. एकदा ती बराच वेळ हाका मारत राहिली आणि हे आत बसून. कळल्यावर ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. मिठाईवाल्याने बिलं करायला वापरून टाकून दिलेली टचस्क्रीन तिच्या डाव्या हाताशी बसवली, एक जुना पडदा स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला. आत्याने इकडे मराठी बटण दाबलं की तिकडे सूनबाईला हिंदीत दिसायचं. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. "मला बोलवायचं असेल तर बटणावर काय लिहू?" आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू माणूस खुळा झालाय. मग सावकाश म्हणाली, "अहो." याची हिंदी काय करायची म्हणून ते डोकं खाजवत बसले, तर सूनबाईच म्हणाली, "पापाजी, इसकी हिंदी मत बनाइए। ये तो आपको ही सुनना है।" मग त्या बटणाला त्यांनी सायकलच्या घंटीचा आवाज जोडला, चांगला खणखणीत, त्यांच्या कानांना पोचेल असा. बाकीची बटणंही सगळी तिच्याच शब्दांत: ‘घोटभर चहा’, ‘पंखा बारीक’, ‘मला बसवा’, ‘वैताग आलाय’. वैतागाला हिंदी शब्द सापडता सापडेना. शेवटी सूनबाईने पडद्यावर ‘अम्माजी का मूड ख़राब है’ असं लिहायला लावलं. संचिका-बिंचिका कुठे औषधालाही नव्हती.

आत्याने डावं बोट पुढे केलं आणि दाबलं. शेजारच्या खोलीत घंटी खणखणली. आतोबा तिथेच, तिच्या उशाशी उभे होते, तरी धावत शेजारच्या खोलीत गेले आणि तिथून "आलो, आलो" म्हणत परत आले! आत्या हसली. आजारपणात पहिल्यांदा हसली. त्यानंतर ती गेली तोवर त्या घरात दिवसभर सायकल चालू असायची. काम नसलं तरी दाबायची. "काय गं?" ते विचारायचे. ती म्हणायची, "काही नाही." मी आतोबांना म्हटलं, "शेवटी आत्याने तुमचं लिनक्स घेतलं हं." त्यांनी नुसता हात हलवला.

यंदा होळीच्या सुमारास आत्या गेली. दिवसकार्य आटोपलं, आणि थोड्या दिवसांनी हैदराबादहून एका मराठी बाईंचा फोन आला. त्यांच्या आईची गत अशीच. सांभाळायला ठेवलेल्या बाईला तेलुगूशिवाय काही येत नाही. आतोबांनी असं काहीतरी केलंय हे त्यांना मंडळातल्या कुणाकडून तरी कळलं होतं. मिळेल का? आणि ज्या माणसाने गाळण्यांतून लिनक्स वाटलं, तो माणूस म्हणाला, "बघतो. सांगतो." सूनबाईने मला हे सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. रविवारी गेले ती भांडायच्या तयारीनेच. "आतोबा, कुणी मागत नव्हतं तेव्हा दारोदार गळ्यात मारत होतात. आता एक बाई आपणहून मागतेय, तर बघतो काय म्हणता?"

ते म्हणाले, "त्यात सगळे तिचे शब्द आहेत गं. ते दुसऱ्यांच्या घरात जायचे. मला नाही सहन होत." जन्मभर या माणसाने जगाला सगळं उघडं ठेवायला सांगितलं, आणि आता एवढीशी गोष्ट त्याला मुठीत झाकून ठेवावीशी वाटत होती. मला त्यांचा राग येईना, नुसतं रडू यायला लागलं. थोड्या वेळाने तेच उठले. "बाकीचं देतो. ‘अहो’ तेवढं काढून ठेवतो." बसले, काढलं, चालवून पाहिलं. चालेना. पडदा काळाच. परत खटपट केली. मग चष्मा काढून हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "अगं, पहिलं बटण तेच केलं होतं. पुढची सगळी त्याच्यावर बेतलीत. ते काढलं की काहीच उभं राहत नाही." त्यांनी ते होतं तसं परत घातलं आणि माझ्यादेखत हैदराबादला पाठवून दिलं. "तुम्हाला हवे ते बदल करा," एवढंच त्या बाईंना सांगितलं.

परवा हैदराबादच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. कान अधू म्हणून आतोबा फोन स्पीकरवर ठेवतात. बाई भरभरून बोलत होत्या. आई आता चहा मागते, पंखा मागते, तेलुगू बाईंवर वैतागतेसुद्धा. "आणि काका, हिंदीच्या जागी तेलुगू घातलं तेवढंच, बाकी आम्ही काही म्हणजे काही बदललं नाही—" इतक्यात तिकडे, त्यांच्या घरात, सायकलची घंटी खणखणली. पाठोपाठ एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "आलो गं, आलो!" बाई हसल्या. "आमचे बाबा. दिवसभर हेच चालू असतं."

आतोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. एक चप्पल पायात, दुसरी शोधत होते. मग त्यांच्या लक्षात आलं.

"बसा ना, आतोबा," मी म्हटलं.

"हो, बसतो," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.