पुनवेच्या रविवारी बेंजो

जिते गावच्या रेल्वे फाटकाजवळ एक हॉटेल आहे. पुढे चार टेबलांची खोली आणि मागे सारवलेलं अंगण. माझ्या हिशेबाने तिथे विमान उतरेल. मालक म्हणतो, रिक्षा वळत नाय. अंगणात आंब्याखाली फळ्यांचा चौथरा. दर रविवारी चारपासून दिवे लागेपर्यंत माझा मित्र त्यावर बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारख्या बटणांचा, हळदीला वाजतो तो. एक चहा घेऊन कितीही वेळ बसा, कुणी उठवत नसे. तो वाजवायला लागला की धरमतरच्या खाडीतले बार्ज आपले भोंगे सुरात लावून घेत, हे मी पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं आहे.

हळदीची कामं डीजेने नेली आणि त्याच्याकडे हा एक चौथरा उरला. आठवडाभर कंपनीत शिफ्ट करायची ती रविवारसाठी. हे मात्र मी फुगवून सांगत नाही.

एके दिवशी मालक म्हणाला, "टेबलं रिकामी जातात रे. एकदा अंगण भरून दाखवा, नाय तर मी झाडाला स्पीकर टांगतो. स्पीकर चहा तरी मागत नाय."

मित्र बेंजो पेटीत ठेवायला लागला. मी कसला गप्प बसतोय. "शेठ, पुढच्या रविवारी पुनव हाय. वर चांदणं, खाली बेंजो. आख्खं गाव आणतो. तुमच्या खुर्च्या पुरल्या नाय तर मानसं आंब्यावर बसवू."

"पुनव तर पुनव," मालक म्हणाला.

मी आणि मित्र, दोघं खाडीकाठचे. आमच्याकडे पुनव म्हटली की शेंबड्या पोरालाही आधी उधाण आठवतं, मग चंद्र. मला चंद्र आठवला. त्याला तर भरलेलं अंगणच दिसत होतं. मी घरोघर फिरलो आणि सगळे येतो म्हणाले. उधाणाचं कुणी बोललं नाही; मी बोलायला जागाच ठेवली नसेल.

रविवारी भर दुपारी उधाण आलं आणि खाडी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला खांड गेली. बांध फुटून खारं पाणी पोटरीला आलेल्या, आता लोंब्या धरणार अशा भातात शिरलं. खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर, ही आमच्याकडची रीत. आणि माती टाकायची ती ओहोटीला. दुपारचं उधाण, म्हणजे ओहोटी संध्याकाळी. म्हणजे नेमकी आमच्या बेंजोची वेळ.

मित्र हॉटेलात तारा लावत होता तेव्हा बायकोचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आपल्या घरचं मानूस म्हनून मी जाते. तुमी वाजवा."

अंगणात गाडी गरम झाली म्हणून थांबलेलं एक कुटुंब होतं, आणि भजी तळून होण्याची वाट बघणारा एक म्हातारा. मित्र दोन तास वाजवत राहिला. कुटुंब गेलं, म्हातारा पुडी घेऊन गेला. मी एकट्याने चाळीस माणसांच्या टाळ्या वाजवल्या. चंद्र तेवढा वेळेवर आला, भाकरीएवढा.

"रस्त्यावर गाड्या थांबलेल्या," मी म्हणालो. "पार वळणापर्यंत रांग. ऐकत व्हते लोक."

"फाटक पडलं व्हतं," तो म्हणाला.

मालकाने स्वतः चहा आणून दिला. "झकास वाजवलंस," म्हणाला, आणि हातातली वायर फांदीपर्यंत पुरते का ते बघायला लागला.

स्कूटरवरून आम्ही थेट बांधावर गेलो. ओहोटी संपून पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. माणसं हात धुवून घराकडे निघाली होती. खांड बुजली नव्हती. आता त्या भाताचं काय होणार ते कुणी कुणाला सांगत नव्हतं. गुडघाभर चिखलातून मित्राची बायको वर आली.

"आली का मानसं?"

"व्हय. अंगण भरलं व्हतं," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात एकही गोष्ट मी आहे तेवढीच सांगितलेली नाही, आणि त्या वेळी मला एक बार्जसुद्धा सुचला नाही. मी नुसती होकाराची मान डोलावली.

"मग मालक ठेवील तुमाला," ती म्हणाली.

तो तिच्या हातातलं घमेलं घेऊन खाडीच्या पाण्यात धुवायला वाकला. बराच वेळ धूत राहिला.